लिनक्स लॅपटॉपवर विंडोज गेम: आठ महिन्यांच्या वापरानंतर, फक्त ग्राफिक्सपुरतं

लॅपटॉपमध्ये रायझन प्रोसेसरच्या पोटातलं रेडिऑन आणि वेगळं एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० (४ जीबी) अशी दोन ग्राफिक्स कार्डं. त्यावर उबुंटू २४.०४ हे लिनक्स, गेम विकत घेऊन चालवायचं स्टीम आणि विंडोज गेम लिनक्सवर चालवणारं त्याचं साधन प्रोटॉन. सर्वाधिक वापर विचर ३ चा, जोडीला काही जुने ३२-बिट गेम. अशा जोड-कार्डाच्या लॅपटॉपबद्दलचं मत आधीच सांगायचं तर, काळा पडदा किंवा अडखळणारं चित्र दिसलं की लोक लगेच प्रोटॉनची आवृत्ती बदलत बसतात. दोष बहुतेक वेळा त्याच्या खाली असतो. म्हणून आधी चित्र कोणतं कार्ड काढतंय ते पाहा.

त्यासाठी स्टीममध्ये गेमवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि लाँच ऑप्शन्समध्ये डीएक्सव्हीके_हड=एफपीएस,डेव्हइन्फो %कमांड%. (प्रत्यक्षात टाइप करताना रोमन लिपी, बरोबरच्या चिन्हाआधीची अक्षरं कॅपिटल, नंतरची लहान.) कोपऱ्यात कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती दिसते. ही माहितीपट्टी (हड) डीएक्सव्हीके दाखवतं, म्हणजे विंडोज गेमच्या डायरेक्टएक्स आज्ञांचं लिनक्सवरच्या व्हल्कन या ग्राफिक्स भाषेत भाषांतर करणारा प्रोटॉनचा भाग. हे डायरेक्टएक्स ११ पर्यंतच चालतं. १२ चं भाषांतर व्हीकेडी३डी-प्रोटॉन करतं, तिथे मँगोहड ही वेगळी माहितीपट्टी लावा. नावाच्या जागी एलएलव्हीएमपाइप दिसलं तर सगळं चित्र प्रोसेसर एकटा रंगवतोय.

इथे एक गोष्ट फार थोड्या ठिकाणी नीट सांगितलेली असते. डीएक्सव्हीके स्वतःहून वेगळ्या कार्डालाच पहिली पसंती देतं. त्यामुळे हडवर रेडिऑन दिसलं, तर जीटीएक्सचा व्हल्कन ड्रायव्हर त्याला सापडलेलाच नाही, असं समजायला हरकत नाही. टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा) चालवा. ते ड्रायव्हरशी बोलू शकलं नाही, तर पहिला संशय सिक्युअर बूटवर (सही नसलेला कोड बूट होताना अडवणारी सुरक्षा). डीकेएमएसने (ड्रायव्हर लॅपटॉपवरच कर्नलसाठी बांधणारी व्यवस्था) बांधलेलं कर्नल मॉड्यूल डिजिटल सहीशिवाय लोड होत नाही. इन्स्टॉल करताना पासवर्ड विचारला जातो आणि रीबूटनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (सहीची किल्ली नोंदवा) निवडावं लागतं. तो पडदा काही सेकंदच थांबतो. हुकला तर एमओकेयूटिलने किल्ली पुन्हा इम्पोर्ट करून रीबूट करायचं. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

६४-बिट गेम नीट चालतो पण जुना ३२-बिट गेम सुरूच होत नाही किंवा रेडिऑनवर जातो, तेव्हा कारण वेगळं असतं. ड्रायव्हरची ३२-बिट लायब्ररी बसलेली नसते, किंवा तिची आवृत्ती कर्नल मॉड्यूलशी जुळत नसते. आय३८६ (३२-बिट) आर्किटेक्चर जोडून, ड्रायव्हर ५५० असेल तर लिबएनव्हिडिया-जीएल-५५० चंच आय३८६ पॅकेज टाकायचं. अपडेटनंतर रीबूट न करता गेम उघडला तरी हीच विसंगती उभी राहते.

अडखळण्याबद्दल. नवा शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) त्या क्षणी कंपाइल होतो म्हणून चित्र हिसका देतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररीमुळे (शेडर आधीच कंपाइल करण्याची सोय) हा त्रास खूप कमी झाला, आणि शेडरसाठी न थांबणारे जुने ‘असिंक’ पॅच शोधण्यात आता अर्थ नाही. ड्रायव्हर अपडेट झाला की शेडर पुन्हा कंपाइल होतात, तेव्हा सुरुवातीचा खेळ थोडा खडबडीत जाणारच. उपाय म्हणून शेडरकॅश पुसण्याचा सल्ला मिळतो, त्याने तेच काम परत पहिल्यापासून होतं. डिस्क वाचवायला स्टीमचं शेडर प्री-कॅशिंग (तयार शेडर आधीच उतरवणं) बंद करू नका. कटसीनचे रूपांतरित व्हिडिओही त्याच वाटेने येतात. ते आले नाहीत की काही गेममध्ये दृश्याच्या जागी टीव्हीसारख्या रंगीत पट्ट्या दिसतात.

हिसके ठरावीक जागी नसून खेळत गेलं तसे वाढत असतील, तर मँगोहडमध्ये व्हीआरएएमचा (ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा) आकडा पाहा. विचर ३ ला डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटपासून डायरेक्टएक्स १२ चा पर्याय आहे. ४ जीबीत तो लवकर कोंडतो. मग टेक्श्चर साध्या रॅममध्ये सरकतात आणि ६० एफपीएससाठी (सेकंदाला ६० फ्रेम) लागणारी १६.७ मिलिसेकंदांची फ्रेम मध्येच कित्येक पटींनी लांबते. सुरू करताना डायरेक्टएक्स ११ निवडा, टेक्श्चर एक पायरी खाली आणा. रे ट्रेसिंग या कार्डाला तसंही परवडत नाही.

विंडोजसोबत सामायिक एनटीएफएस पार्टिशनवर गेम ठेवायचा मोह टाळा. प्रोटॉनच्या प्रीफिक्समध्ये (प्रत्येक गेमसाठी बनवलेलं विंडोजसारखं फोल्डर) ‘सी:’ नावाची लिंक असते आणि विंडोजच्या नियमांत असं नाव बसत नाही. गेम उघडतो न उघडतो तोच बंद होतो, आणि दिसायला तो ग्राफिक्सचा बिघाड वाटतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर हलवा.

एवढं करूनही अडलं, तर लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉन_लॉग=१ लावा; होम फोल्डरमध्ये स्टीम-२९२०३० अशा नावाची लॉग फाइल बनते (तो विचर ३ चा क्रमांक). प्रीफिक्स नव्याने बनवायचा तर स्टीमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरातलं त्याच क्रमांकाचं फोल्डर पुसू नका, नाव बदलून ठेवा. सेव्ह त्यातच असतात. मॅक्स_मॅप_काउंट (एका प्रोग्रामला मिळणाऱ्या मेमरी-तुकड्यांची कमाल संख्या) वाढवायचा सल्ला उबुंटू २४.०४ वर निरर्थक आहे, तिथे तो मुळातच १०४८५७६ आहे. २२.०४ वर मात्र ६५५३० असतो, आणि काही मोठे गेम त्यामुळे कोसळतात.

सर्वांत उशिरा सुटलेली अडचण म्हणजे लॅपटॉप झोपवून उठवल्यावर फाटलेली, रंग विस्कटलेली टेक्श्चर. झोपताना व्हीआरएएममधला मजकूर जातो. मॉडप्रोबच्या (कर्नल मॉड्यूलच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये एनव्हीरेग_प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीअलोकेशन्स=१ लिहून तात्पुरत्या फाइलची वाट व्हार/टेम्प (/var/tmp) ठेवा, एनव्हिडिया-सस्पेंड आणि एनव्हिडिया-रिझ्यूम या सेवा चालू करा, मग इनिट्रॅमएफएस (बूट होताना वापरली जाणारी फाइल) अपडेट करून रीबूट. व्हार/टेम्पमध्ये व्हीआरएएमपेक्षा थोडी जास्त, म्हणजे इथे ५ जीबी तरी, जागा मोकळी हवी.