‘युद्धकाळातले अस्सल लाकूड’ : जपानी रायफलीच्या प्रतिकृतीच्या नावाखाली झालेली फसवणूक

एअरसॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या नकली बंदुकांनी खेळायचा लुटुपुटूच्या लढाईचा खेळ. त्याच्या दुसऱ्या महायुद्धावर आधारित ऐतिहासिक सामन्यांत जर्मन, अमेरिकन किंवा ब्रिटिश सैनिक उभा करायचा असेल तर त्याच्या शस्त्राची प्रतिकृती कारखान्यात तयार झालेली मिळते. जपानी सैनिकाच्या बाबतीत मात्र मोठी पंचाईत होते. मोजक्या उत्पादकांनी थोड्या संख्येने काढलेल्या जपानी रायफली बहुधा शिल्लक नसतात, आणि ज्यांच्याकडे असतात ते त्या सहसा विकत नाहीत. त्यामुळे घरच्या कार्यशाळेत दुसऱ्या एखाद्या एअरसॉफ्ट रायफलीची यंत्रणा घेऊन तिच्याभोवती जपानी रूप उभारून देणाऱ्या कारागिरांकडे जावे लागते. त्यांत उत्तम आणि प्रामाणिक माणसे आहेत, पण या टंचाईचा फायदा घेऊन गंडा घालणारेही आहेत. त्यांच्यापैकी एकाची रीत इथे सविस्तर लिहीत आहे, कारण तोच माणूस वेगळ्या नावाने अजूनही मागण्या स्वीकारत असल्याचे मला कळले आहे.

मी इंग्लंडमध्ये राहतो. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण भारतीय छत्रीधारी ब्रिगेडबरोबर जपानी हल्ल्याला तोंड देत होती. त्या लढाईवर बेतलेल्या सामन्यात जपानी बाजूला माणसे कमी पडत असल्यामुळे मी ती बाजू घेतली. (मराठी माणूस मराठ्यांवरच चालून जाणार, यावरून आमच्या गटात यथेच्छ थट्टा झाली.) ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांकडे टाइप ३८ आणि टाइप ९९ अशा दोन्ही प्रकारच्या रायफली होत्या, मी १९३९ साली स्वीकारल्या गेलेल्या, ७.७ मिलिमीटरच्या टाइप ९९ ची प्रतिकृती या माणसाकडे मागितली.

किंमत साडेआठशे पौंड ठरली. त्यांतले दोनशे पौंड केवळ लाकडाचे होते, कारण दस्ता युद्धकाळातल्या खऱ्या रायफलीचा असेल असे त्याने लेखी कळवले होते. सुरुवातीला तर त्याने बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा दांडा) ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडाही अस्सल देतो असे म्हटले होते. ब्रिटनमध्ये असा सांगाडा हा नियंत्रित सुटा भाग आहे. तो निकामी करून लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या अधिकृत संस्थेचे, प्रमाणपत्र घेतल्याशिवाय परवाना नसलेल्या माणसाला तो बाळगता येत नाही. मी प्रमाणपत्राचा क्रमांक विचारताच त्याने तो मुद्दा गुंडाळला आणि अस्सलपणा लाकडापुरता शिल्लक ठेवला. लाकडाला कोणताही परवाना लागत नसल्यामुळे त्याबाबत कागद मागण्याची सोयही उरली नाही. त्याची हुशारी इथेच दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २००६ च्या कायद्यानुसार खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणे हा विक्रेत्याचा गुन्हा ठरतो. विमा असलेल्या मैदानावर खेळणाऱ्या एअरसॉफ्ट खेळाडूला किंवा ऐतिहासिक प्रात्यक्षिकात भाग घेणाऱ्याला ती विकली तर त्याला बचाव मिळतो. म्हणून सरळमार्गी विक्रेता व्यवहाराच्या आधी खेळाडूचा नोंदणी क्रमांक मागतो आणि पडताळतो. या माणसाने तो मागितलाच नाही, आणि मी आपणहून पाठवला तेव्हा ‘त्याची काही गरज नाही’ असे उत्तर दिले. स्वतःला तुरुंगात नेऊ शकणाऱ्या नियमाविषयी इतका बेफिकीर असणारा माणूस गिऱ्हाइकाच्या पैशांविषयी काळजी घेईल, अशी अपेक्षा कोणीही करू नये.

अर्धी रक्कम इसार म्हणून आणि उरलेली काम झाल्यावर, दोन्ही वेळा थेट बँकेतून, असे ठरले. पुढची चालढकल नेहमीचीच होती : आजारपण, न वाळलेले पॉलिश, कुरिअरचा संप.

पार्सल आले तेव्हा वस्तू पहिल्या नजरेत झकास दिसत होती. फोटोत जे दिसते त्यावर त्याने मनापासून मेहनत घेतली होती. जपानी रायफलीचा मागचा दस्ता एकसंध नसतो. लाकूड वाचवण्यासाठी त्याचा खालचा भाग वेगळा घेऊन खाचेत बसवलेला असतो आणि त्या सांध्याची लांब रेघ बाजूने स्पष्ट दिसते. माझ्या दस्त्यावरही ती रेघ होती. टेबलावरच्या दिव्याखाली धरून नखाने उकरली तेव्हा तिच्यातून मेणाचा गडद तपकिरी कण निघाला, आणि त्याखाली दोन तुकड्यांचा सांधा नसून एकाच लाकडावर धारदार पात्याने ओढलेला चरा निघाला. युद्धकाळातल्या लाकडाची गोष्ट तिथेच संपली.

मग एकेक भाग तपासला. टाइप ९९ च्या बोल्टच्या मागे एक मोठी गोल टोपी असते, ती तळव्याने आत दाबून फिरवली की रायफल सुरक्षित होते. इथे ती टोपी चिकटवलेली होती आणि जागची हलत नव्हती. ज्या सांगाड्याला पोलादी म्हटले होते त्याला लोहचुंबक चिकटेना. तो थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या प्लॅस्टिकचा होता आणि त्यावर धातूसारखा रंग मारला होता. हे प्लॅस्टिक साठेक अंश सेल्सिअसलाच मऊ पडते, म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ते वाकू शकते. मूळ रायफल सुमारे पावणेचार किलोची, आणि वजनकाट्यावर माझीही जवळपास तेवढीच भरली, पण हातात घेतल्यावर सगळा भार खांद्याकडे ओढत होता. दस्त्याच्या टोकाची मागची पट्टी काढल्यावर आत मासेमारीच्या गळाला बांधतात तसले शिशाचे गोळे गरम गोंदात बसवलेले दिसले.

सांगाड्यावरच्या शाही गुलदावरीची तऱ्हा तर निराळीच होती. जपानी सम्राटाचे सोळा पाकळ्यांचे ते चिन्ह त्याने घासून अर्धवट पुसट केले होते, जेणेकरून वस्तू जुनी आणि अस्सल वाटावी. परंतु ही चिन्हे १९४५ च्या शरणागतीनंतर, रायफली ताब्यात देताना घासली गेली. १९४४ च्या सांगशाकमधल्या सैनिकाच्या हातात घासलेले फूल असण्याचे कारणच नाही. संग्राहकांनी काढलेले आजचे फोटो पाहून त्याने नक्कल केली होती, हे एवढ्यावरून कळते.

मैदानावर वेग मोजला तेव्हा कायद्याचा प्रश्नही उभा राहिला. २०१७ च्या कायद्याप्रमाणे एकेक छर्रा मारणाऱ्या एअरसॉफ्ट रायफलीला २.५ ज्यूलची मर्यादा आहे, आणि बहुतेक मैदाने ०.२ ग्रॅमच्या छर्ऱ्याला सेकंदाला ५०० फूट, म्हणजे सुमारे २.३ ज्यूल, इथेच थांबवतात. माझ्या रायफलीत कडक स्प्रिंग घातलेली असल्यामुळे ती दोन्ही मर्यादांच्या पलीकडे गेली. पंचांनी ती बाजूला ठेवायला लावली आणि ते योग्यच होते, कारण त्या मर्यादेपलीकडची वस्तू कायद्याच्या लेखी एअरसॉफ्ट राहत नाही.

पैसे परत मागितल्यावर त्याने आधी माझ्यावरच वस्तू बिघडवल्याचा आरोप केला आणि नंतर उत्तर देणे बंद केले. बँकेनेही हात वर केले. ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करवून घेतलेल्या हस्तांतरणाची भरपाई बँकांनी द्यावी असा नियम आहे, पण वस्तू हातात मिळाली आणि तिच्या दर्जावर वाद आहे असे प्रकरण त्यातून वगळलेले आहे. या लबाडीचे मर्म नेमके इथे आहे. तो रिकामे खोके पाठवत नाही, वस्तू पाठवतो; त्यामुळे चोरीचा मामला दर्जाच्या तक्रारीसारखा दिसू लागतो आणि पोलीस व बँक दोघेही तो दिवाणी म्हणून परत पाठवतात. वस्तू वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे, हा नियम खाजगी विक्रेत्यालाही लागू आहे, आणि मागणीवरून बनवलेली असल्यामुळे तो सुटत नाही. पण तो बजावून घ्यायला न्यायालयात जावे लागते, आणि दावा लावायला प्रतिवादीचा पत्ता लागतो. त्याची सगळी पार्सले सार्वजनिक पार्सल-लॉकरमधून निघतात, ती याच कारणासाठी.

म्हणून अशा कारागिराशी बोलणी चालू असतील तर फोटो कितीही आले तरी त्यांवर विसंबू नये. सुरक्षेची टोपी फिरताना, सांगाड्याला चुंबक लागताना आणि मागची पट्टी उघडून आतली पोकळी दाखवताना असा सलग व्हिडिओ, आपण त्या दिवशी सांगितलेला एखादा आकडा शेजारी लिहून ठेवून, मागावा. इसार क्रेडिट कार्डाने घ्यायला तो तयार नसेल आणि घराचा पत्ता देत नसेल, तर बोलणी तिथेच थांबवावीत.

त्याने फसवलेल्या दुसऱ्या एका खेळाडूकडे जुन्या पावतीवर पत्ता होता, आणि त्याच्या आधारे मी दहा हजार पौंडांपर्यंतच्या लघुदाव्यांच्या न्यायालयात अर्ज केला आहे. त्याला उत्तर द्यायला १४ दिवसांची मुदत आहे. ज्यांच्याकडे असाच ओढलेल्या रेघेचा दस्ता आला असेल त्यांनी रायफल दुरुस्तीला देण्याआधी किंवा परत पाठवण्याआधी मागची पट्टी काढून आतले फोटो घ्यावेत, त्यात वजनकाट्याचा आकडा दिसू द्यावा, आणि लाकडाबद्दलचे त्याचे सगळे संदेश पुसले जाण्याआधी उतरवून ठेवावेत.