पाळणाघरातलं जेवण, नऊ महिन्यांनंतर

आम्ही पुण्यात राहतो, दोघंही नोकरीला. गेल्या जूनमध्ये लेक पावणेदोन वर्षांची असताना तिला पाळणाघरात ठेवायला लागलो, आता अडीच वर्षांची झाली. नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत, त्या समोर बसून सांगून झाल्यात. जेवण तिथेच शिजतं, मुख्य म्हणून तेच निवडलं.

दहाला फळ, बाराला वरणभात नाहीतर मुगाची खिचडी वर तूप, सोबत मऊ भाजी किंवा उसळ, चारला खाऊ. आठवड्यातून दोनदा नाचणी, कधी सत्त्व कधी घावन. घरी नाचणीचा चमचा दिसला की तोंड फिरवायची, आणि तिथे पंगतीत बाकीची पोरं ताटलीत हात घालून खातात ते बघून पंधरा दिवसांत स्वतःच्या हाताने खायला लागली. मावशी मागे लागत नाहीत, सांडलं तर सांडू देतात, मोबाईल अजिबात नाही. मला याचं मोल खूप आहे, मी स्वतः इतका धीर धरू शकले नव्हते.

पहिली मोठी तक्रार आषाढीची. साबुदाण्याच्या खिचडीत अख्खे शेंगदाणे! एवढ्या लहान मुलांच्या घशात दाणा अडकू शकतो, श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततं. त्याच संध्याकाळी जाऊन बोलले. तेव्हापासून फक्त कूट घालतात, द्राक्षं पण उभी चिरून देतात.

मग डिसेंबर. लेक फिकी दिसायला लागली, सारखी किरकिर, तपासलं तर हिमोग्लोबिन ९.६. या वयात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दूध किती पिते? सकाळी घरी, पाळणाघरात दोनदा, रात्री झोपताना, बेरीज केली तर ८०० मिलीच्या वर. आम्हाला वाटायचं दूध जितकं जास्त तितकं चांगलं. तर दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर पोट भरतं म्हणून जेवण कमी जातं आणि जेवणातलं लोहही नीट शोषलं जात नाही. दिवसाला ४००-५०० मिली पुरे म्हणाले, शिवाय लोहाचं औषध. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या १०० पैकी ६७ मुलांत रक्तक्षय निघाला होता, म्हणजे हे घरोघरी आहे आणि आपल्याला पत्ता नसतो. पाळणाघराने मात्र लगेच ऐकलं, दूध एकदाच आणि ते पण कपातून, उसळीवर लिंबू पिळायला लागले. आता मार्चमध्ये ११.२ आलंय, भूकही वाढलीये.

चारच्या खाऊवर मी अजून खूश नाही. सुरुवातीला रोज क्रीमची बिस्किटं असायची, आम्ही सात-आठ पालकांनी मिळून सांगितलं तेव्हा राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं रताळं, थालीपीठ सुरू झालं, पण मावशी सुट्टीवर गेल्या की परत बिस्किटं. ग्रुपवर रोज 'पोटभर जेवली' एवढंच यायचं, त्यातून काय कळणार? मागे लागले तेव्हा आता 'खिचडी अर्धी वाटी, भाजी नाही' असं लिहितात, मग रात्री घरी काय द्यायचं ते ठरवता येतं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचा नातू अंगणवाडीत जातो. तिथल्या आहारासाठी निदान सरकारी नियम आहे, रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळायला हवीत याचा. आमच्या पाळणाघरात विचारलं तर असं कधी मोजलेलंच नाही, आणि फी भरताना मी पण विचारलं नव्हतं. तुम्ही बघायला जाल तेव्हा खेळण्यांच्या खोलीआधी स्वयंपाकघर बघा, शक्यतो बाराच्या सुमाराला जा आणि मुलं जेवताना दहा मिनिटं थांबा.

अंडं तिथे चालत नाही, ते आम्ही सकाळी घरी देतो. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होईल, पण दुपारच्या जेवणाला तिला इथेच ठेवणार आहोत.