कोल्हापूरच्या पावसासाठी ‘स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल’: प्रणाली सक्षम, उणीव पावसाच्या नोंदींची

शहरात पडलेला पाऊस गटारांतून आणि नाल्यांतून कसा वाहील याचे गणित मांडणारी ही संगणक प्रणाली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1971 मध्ये तयार केली आणि आजही ती विनामूल्य मिळते. शहरातून वाहत पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्याच्या पाणलोटासाठी ती वापरल्यावर माझे मत असे झाले की, उत्तराचा खरेपणा प्रणालीपेक्षा आपण तिला कोणता पाऊस देतो यावर अधिक ठरतो.

आपल्याकडे सहज मिळणारा आकडा म्हणजे सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांची बेरीज. 60 मिलिमीटर पाऊस दिवसभर सारखा वाटून दिला, तर पूर्ण काँक्रीट केलेल्या एक हेक्टर जागेवरून सेकंदाला जेमतेम 7 लिटर पाणी निघते. तोच पाऊस एका तासात कोसळला, तर 167 लिटर. पहिल्या हिशेबाने जवळजवळ प्रत्येक गटार पुरेसे ठरते, आणि हीच फसगत आहे. छोट्या पाणलोटातले पाणी काही मिनिटांत गटारात उतरत असल्याने पाच-पाच मिनिटांनी नोंद करणारे पर्जन्यमापक हवेत, हे मी आग्रहाने सांगेन.

जुलैच्या संततधारेत मोजके मापक चालून जातात. वळवाचे तसे नाही. राजारामपुरीत धो धो आणि रंकाळ्यावर कोरडे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रणाली प्रत्येक उपपाणलोटाला, म्हणजे पाणलोटाच्या प्रत्येक छोट्या तुकड्याला, एकच मापक जोडते आणि त्या तुकड्यावर पाऊस सर्वत्र सारखा धरते, त्यामुळे शहरात मापक एकच असेल, तर नकाशाचे कितीही बारीक तुकडे केले तरी पावसाबद्दल नवे काही कळत नाही. कोणते चेंबर आधी भरेल हे पाहायचे असेल, तर बारीक तुकडे हवेतच. नाल्याच्या मुखाशी येणारे एकूण पाणी काढायचे असेल, तर मोठे तुकडेही पुरतात. मात्र त्यांची ‘रुंदी’ (जमिनीवरून पाणी किती रुंद पट्ट्यात वाहते ते) विचारपूर्वक भरावी लागते, कारण लोंढा किती लवकर येणार हे तिच्यावर अवलंबून असते.

कोल्हापूरसाठी मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय म्हणजे मुखाशी नदीची बदलती पातळी देता येणे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे जाते, तेव्हा नाल्याचे पाणी नदीत शिरण्याऐवजी मागे फुगते. हा फुगवटा पकडण्यासाठी प्रवाहगणनेचा ‘डायनॅमिक वेव्ह’ पर्यायच निवडावा. सोप्या ‘कायनेमॅटिक वेव्ह’मध्ये तो दिसतच नाही.

उणीव एक आहे, आणि ती मोठी आहे. चेंबरमधून बाहेर आलेले पाणी प्रणाली एकतर हिशेबातून वगळते किंवा जागेवरच साठवून धरते. रस्ते स्वतंत्रपणे प्रवाहमार्ग म्हणून आखून दिल्याशिवाय ते उतारावरून लक्ष्मीपुरीत कोणत्या गल्लीत शिरेल हे ती सांगत नाही. त्यासाठी जमिनीच्या उंचीचा तपशीलवार नकाशा आणि पृष्ठभागावरील प्रवाहाचे वेगळे द्विमितीय प्रारूप सोबत घ्यावे लागते.