वर तीन पाइप, खाली तीन पाइप, भोक एकच

सासूबाई म्हणायच्या, हॉलमध्ये झोपलं की रात्रभर कुणीतरी उशाशी बसून चूळ भरतंय असं वाटतं. त्यांचं काही खोटं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये चार बाय दोन बाय दोन फुटांची समुद्री टाकी आहे आणि तिच्या खालच्या कॅबिनेटात संप, म्हणजे पाणी साफ करायची दुसरी छोटी टाकी. टाकीच्या कोपऱ्यात काळ्या ॲक्रिलिकचा एक उभा कप्पा आहे. पाणी त्याच्या काठावरून आत सांडतं, एका पाइपातून संपमध्ये उतरतं, तिथे स्किमरमधून, म्हणजे फेस करून घाण काढणाऱ्या यंत्रातून, साफ होतं आणि पंप ते परत वर ढकलतो. उतरताना पाणी आणि हवा एकाच पाइपात भांडत असतात. तो आवाज म्हणजे सासूबाईंची चूळ.

तीन वर्षं आम्ही ती ऐकली. मग या छंदातल्या एका ओळखीच्यानं असली कामं करणाऱ्या एकाचा नंबर दिला. नाव लिहीत नाही, वकिलांनी तसं बजावलंय.

माणूस आला, कॅबिनेटचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. “ताई, एकाच पाइपावर तीन वर्षं? देवानंच सांभाळलंय तुम्हाला.” मग त्यानं तीन पाइपांची पद्धत समजावली. पहिला पाइप पाण्यानं पूर्ण भरून वाहतो, हवा नाही म्हणून आवाज नाही. त्याचा वेग खालच्या व्हॉल्व्हनं जुळवायचा. दुसऱ्यातून उरलंसुरलं पाणी पाइपाच्या आतल्या अंगाला धरून उतरतं. तिसरा कोरडा उभा असतो, पहिले तुंबले तर घर वाचवायला. हे सगळं अगदी बरोबर आहे. मी नंतर चार ठिकाणी वाचून खात्री केली आणि तिथेच माझी गफलत झाली. पद्धत खरी आहे याची खात्री करून घेतली आणि माणूस खरा आहे असं समजून बसले.

अंदाजपत्रक ४२ हजारांचं. ताशी साडेसहा हजार लिटरचा पंप, ‘शेड्यूल ८०’चे म्हणजे जाड भिंतीचे करडे पाइप, प्रवाह बारीक जुळवता येणारा परदेशी गेट व्हॉल्व्ह, पाणी उलटं येऊ न देणारा एक चेक व्हॉल्व्ह, काचेला दोन नवी भोकं आणि मजुरी. ३० हजार आगाऊ. बिल मागितलं तर म्हणाला, “देतो की, मग वर १८ टक्के जीएसटी लागेल.” साडेसात हजार वाचले म्हणून मी खूश. नोकरी बँकेत करते आणि बिनबिलाचा व्यवहार केला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

रविवारी काम. आदल्या रात्री मासे, कोळंबी आणि गोगलगाई टबांत हलवल्या, निम्मं पाणी साठवलं. (प्रवाळातले कठीण प्रकार माझ्याकडे नाहीत. ते २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ‘कागद आहेत’ म्हणून कुणी विकत असेल तर तिकडे फिरकूच नका. माझ्याकडे झोआ आणि मशरूम हे मऊ प्रवाळ, एवढंच.) तो हिऱ्याच्या धारेचं गोल कटर घेऊन आला. म्हणाला, काचेचा कण उडतो, सगळ्यांनी आत जा. मी स्वयंपाकघरात नव्या पाण्यात मीठ कालवत बसले. ड्रिलचा आवाज अर्धा तास ऐकला. बाहेर आले तर काळ्या कप्प्यात तीन पाइप दिमाखात उभे, खाली प्लायवूडमधून तीन पाइप संपमध्ये उतरलेले, करड्या रंगाचे, एका ओळीत. देखणं काम.

“आता चालू करून दाखवा,” मी म्हणाले.

“ताई, सॉल्व्हंट ओला आहे. २४ तास पाणी घालायचं नाही. नाहीतर सांधे सुटतील, मग मला बोलायचं नाही.”

सॉल्व्हंट सुकायला वेळ द्यावा लागतो, हे कुठल्याही नळ जोडणाऱ्याला विचारा. मी उरलेले १२ हजार त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवर पाठवले. तो गेला.

या माणसाबद्दल एक गोष्ट मला अजून टोचते. तो उघडं खोटं फार कमी बोलला. प्रत्येक थापेखाली एक खरी गोष्ट अंथरलेली होती आणि मी ती खरी गोष्ट तपासून समाधान मानत होते.

सोमवारी संध्याकाळी टाकी सुरू केली. आवाज नाही! सासूबाई टाकीला कान लावून उभ्या राहिल्या. मी उत्साहानं फोटो काढला. टाकी, तिचा निळा उजेड आणि बाजूला सासूबाईंच्या खुर्चीचा लाकडी हात. तो त्याला पाठवला, वर ‘काम एक नंबर’ असंही लिहिलं.

दोन दिवसांत लक्षात आलं की कप्प्यातली पातळी एका जागी राहत नाही. सकाळी बोटभर वर, रात्री पुन्हा खाली आणि सुरसुर. मी व्हॉल्व्ह केसभर फिरवत बसायचे. फोन केला तर, “ताई, सेट व्हायला आठवडा लागतो.” हेही कुठेकुठे खरं असतं. पंपाचा जोर कमी वाटला म्हणून त्याचं पाणी २० लिटरच्या बादलीत सोडून मोबाइलवर वेळ लावली. ३६ सेकंद. म्हणजे ताशी दोन हजार लिटर. त्यावर, “हेड लॉस असतो ना ताई, पाणी वर चढवायचं म्हणजे.” असतोच. पण साडेचार फूट चढवताना साडेसहाचे दोन हजार होत नाहीत, एवढं गणित मला त्या वेळी सुचलं नाही. पुढे पंप उपसला तेव्हा साडेसहा हजारांच्या स्टिकरखाली दुसरा स्टिकर निघाला, अडीच हजारांचा.

दुसऱ्या आठवड्यात क्लीनर कोळंबी मेली. मग गोगलगाई एकेक करून काचेवरून गळायला लागल्या. झोआ मिटलेल्या. मासे मात्र ठणठणीत, खायला पुढे. मी क्षारता मोजली, ३५. तापमान २६. अमोनिया शून्य. कारण सापडेना. इथे अनुभवी माणूस लगेच म्हणाला असता, तांबं बघा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषधच देतात, ते त्यांना सोसतं. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना त्याचा अंशही जीवघेणा. म्हणूनच ते औषध नेहमी वेगळ्या टाकीत देतात. मी मात्र नव्या मिठाच्या पिशवीवर संशय घेत राहिले.

आणि मग गुरुवार आला. पुणेकरांना सांगायला नको, गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद. सकाळी दहाला लाइट गेले तेव्हा मी ऑफिसात. सव्वादहाला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, “अगं, आमच्या पंख्यातून पाणी ठिबकतंय आणि ते खारट आहे.” (चाखून का बघितलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.)

काय झालं ते साध्या गुणाकारात बसतं. चार बाय दोन फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे १९ लिटर. पंपाचं पाणी टाकीत सोडणारं तोंड पूर्वी पृष्ठभागाखाली जेमतेम इंचभर होतं. यानं ‘तळाशी प्रवाह चांगला मिळतो’ म्हणून ते सहा इंच खाली नेलं. पंप बंद पडला की तोच पाइप उलटा होतो आणि टाकीतलं पाणी तोंड उघडं पडेपर्यंत खाली ओढतो. सहा गुणिले १९, झाले ११४ लिटर. माझा संप ३६ बाय १६ इंचांचा, त्यात वर सहा इंच जागा मोकळी. तिथे इंचाला साडेनऊ लिटर मावतात, म्हणजे ५७. उरलेले ५७ लिटर आमच्या हॉलमध्ये आणि तिथून काकूंच्या पंख्यात. चेक व्हॉल्व्ह होता ना? होता. त्याची झडप बोटानं ढकलली तरी पूर्ण मिटत नव्हती. मुळात समुद्री पाण्यात चेक व्हॉल्व्हवर विसंबायचंच नसतं, चुन्याचा थर आणि शेवाळ बसून तो कधीतरी अडकतो. खरा उपाय फुकटातला आहे. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली परतीच्या पाइपाला एक छोटं भोक पाडायचं. पातळी उतरली की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. तेवढं भोक अधूनमधून टोकरून साफ ठेवलं की झालं.

संध्याकाळी सोसायटीतल्या बाथरूमची कामं करणाऱ्या प्लंबरदादांना बोलावलं. मासे-बिसे त्यांना ठाऊक नाहीत, पाइप ठाऊक आहेत. त्यांनी आधी नखानं पाइप खरवडला. करड्या रंगाचा पापुद्रा निघाला, खाली बाथरूमच्या गरम पाण्याला वापरतात तो पिवळट सीपीव्हीसी. ‘शेड्यूल ८०’ स्प्रेच्या डब्यातून आलं होतं. मग म्हणाले, “मॅडम, या आटेवाल्या जोडात पितळ असतंय.” त्यांनी एक जोड उघडून दाखवला. आतलं पितळी कडं हिरवंगार. लहानपणी आजी सांगायची, कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नकोस, कळकतं. इथे अख्खी टाकी कळकली होती. बाथरूमच्या गोड्या पाण्यात ते जोड वर्षानुवर्षं चालतात, त्यांचा दोष नाही. दोष ते समुद्राच्या पाण्यात घालणाऱ्याचा. नंतर तांब्याची टेस्ट किट आणली, रंग आलाच.

शेवटी दादांनी तिसऱ्या, आणीबाणीच्या पाइपात मगभर पाणी ओतलं. खाली संपमध्ये थेंब नाही. पाणी पाइपातच उभं. दुसऱ्यात ओतलं, तेच. त्यांनी तो पाइप धरून हलवला आणि तो चक्क हातात आला. खाली सिलिकॉनचा गोळा. काचेला भोक पाडलेलंच नव्हतं. दोन पाइप वरून काचेवर चिकटवलेले, दोन खालून काचेला चिकटवलेले, मधे बारा मिलिमीटरची अखंड काच. अर्धा तास ऐकलेला ड्रिल प्लायवूडवर चालला होता. दादांना हसू आवरेना, मग माझा चेहरा बघून आवरलं.

काच टफन केलेली असेल तर भोक पाडताना तिचा चुरा होतो, कदाचित त्याला तीच भीती वाटली असेल. मग ‘जमणार नाही’ म्हणायचं होतं. परतीचा पाइप मागच्या काठावरून घेतला असता तर जुनी दोन्ही भोकं (एक उतरणाऱ्या पाइपाचं, एक परतीच्या) मोकळी होऊन दोन पाइपांची चांगली व्यवस्था झाली असती. आता माझ्याकडे तीच आहे. आणि हो, पहिल्या पाइपाच्या व्हॉल्व्हमध्ये मेलेल्या गोगलगाईचा शंख अर्धवट अडकलेला सापडला. तो गेट व्हॉल्व्हही नव्हता, साधा बॉल व्हॉल्व्ह. गुरुवारी लाइट गेले नसते तर आठवड्याभरात पाइप तुंबला असता आणि आणीबाणीचा पाइप सिलिकॉनवर उभा होता.

सगळं सामान पिशवीत घालून मी बोहरी आळीत किंमत विचारत फिरले. पंप सोडून साडेतीन हजारांच्या आतलं.

फोन केला तर आधी, “ताई, रविवारी येतो.” मग, “तुम्ही व्हॉल्व्हला हात लावलात ना?” मग ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल नव्हतं, पण यूपीआयचे दोन्ही व्यवहार, अंदाजपत्रकाचा मेसेज आणि त्याचे आवाजातले निरोप जपून ठेवले होते. वकिलांच्या मते ते पुरेसे आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. नोटीस गेल्यावर दहा हजार परत आले, मागे एक शब्द नाही. काकूंच्या छताचा रंग आणि पंखा मिळून तेवढेच गेले. टाकीतलं पाणी अनेकदा बदललं, कार्बन आणि तांबं शोषणारं रेझिन घातलं, तरी खडकांनी जे पिऊन घेतलंय ते हळूहळू सुटत राहतं. अजून त्यात कोळंबी सोडायचं धाडस केलेलं नाही.

तुम्ही काम करून घेणार असाल तर सॉल्व्हंट सुकू द्या, जरूर द्या, पण शेवटचा हप्ताही तोवर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी माणूस समोर हवा. पहिल्या पाइपाच्या तोंडावर हात ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्यातून पाणी खाली येतं का ते संपपाशी वाकून बघा. मग पंपाचं बटण बंद करून संपची पातळी कुठे थांबते ते बघा, चेक व्हॉल्व्ह नाहीच असं समजून. पाइपाला नख मारा. प्रत्येक आटेदार जोड लावण्याआधी हातात घ्या. वीस मिनिटांचं काम आहे आणि यातल्या एकालाही तो ‘आज नको’ म्हणाला तर पैसेही आज नको.

मागच्या महिन्यात नाशिकच्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिनं नवी टाकी घेतलीय, संपच्या कामासाठी कुणीतरी सुचवलंय, त्यानं केलेल्या कामाचा फोटो पाठवते, बघून सांग म्हणाली. फोटो उघडला. निळा उजेड, तीन करडे पाइप एका ओळीत आणि कडेला सासूबाईंच्या खुर्चीचा हात. खाली लिहिलं होतं, ‘काम एक नंबर’.