इजिप्त-जॉर्डन, नऊ दिवस: एका निवृत्त शाखा अभियंत्याची एमबी

सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी ठेकेदाराचं बिल आणि साइटवरचं काम यांचा मेळ घालण्यात गेली. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं एका टूर कंपनीबरोबर इजिप्त आणि जॉर्डन करून आलो, तेव्हा खिशात छोटी वही होती. कुठे किती वाजता पोचलो, किती वाजता परत बसमध्ये कोंबले गेलो, सगळं त्यात आहे. बायको म्हणाली, "अजी, इथंही एमबी?" एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, झालेल्या कामाच्या मापांची वही. आमच्या खात्यात त्यात जे चढलं नाही त्याचा पैसा मिळत नाही.

कंपनी नागपूरचीच. नाव लिहीत नाही. पोट्टे वागायला चांगले आहेत आणि मला भांडण वाढवायचं नाही. नागपूर ते नागपूर माणशी दोन लाख पस्तीस हजार, वर ५ टक्के जीएसटी आणि तेव्हाच्या दरानं ५ टक्के टीसीएस (कंपनी आधीच घेते तो प्राप्तिकर). टीसीएसची रक्कम रिटर्न भरताना हिशेबात धरता येते, हे काउंटरवरच्या मुलीनं न विचारता सांगितलं. व्हिसाची कागदपत्रं दोनदा तपासून घेतली. विमानतळांवर बॅगांची शोधाशोध झाली नाही, हॉटेलं स्वच्छ होती, बस नवी होती. आमच्यातल्या एका आजींना कैरोत जुलाब सुरू झाले, तर टूर मॅनेजर मुलगा रात्री दोनला औषध घेऊन हजर. एवढं सगळं मी पूर्ण मापाने मंजूर करतो.

आता साइटवर येऊ.

छापील कार्यक्रमात दुसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं: "गिझाचे पिरॅमिड व स्फिंक्स यांना भेट." माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी: गिझा, स्फिंक्ससकट, २ तास १० मिनिटं. त्यातली वीस मिनिटं लांबून तिन्ही पिरॅमिड एका फोटोत येतात त्या जागेवर. पपायरसचं (लव्हाळ्याच्या जुन्या इजिप्शियन कागदाचं) दुकान ५० मिनिटं. अत्तराचं दुकान सव्वा तास. गालिच्याचं दुकान ४० मिनिटं. दुकानांची बेरीज २ तास ४५ मिनिटं. म्हणजे साडेचार हजार वर्षं उभ्या असलेल्या बांधकामापेक्षा आम्ही अत्तर, गालिचे आणि केळीच्या सालीचा नकली पपायरस कसा ओळखायचा याला पस्तीस मिनिटं जास्त दिली. (अत्तराच्या दुकानात एसी होता, हे मान्य.)

टूर मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "काका, दुकानं प्रोग्राममध्येच येतात नं." पाहिलं, तर खरंच होती. तळाशी बारीक अक्षरात, "स्थानिक हस्तकलेचा परिचय". टेंडरच्या शर्ती न वाचता सही करणाऱ्या ठेकेदाराला मी आयुष्यभर हसत आलो, आणि इथं स्वतःच केली.

खुफू राजाचा पिरॅमिड पायथ्याशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मूळ उंची १४६ मीटरच्या वर, आज साधारण १३८. आपल्या दीक्षाभूमीचा स्तूप १२० फूट धरला तर तसे जवळपास चार एकावर एक ठेवावे लागतील. पाया प्रत्येक बाजूला सुमारे २३० मीटर. गाइड आकडे भराभर सांगून राहिला होता, तेवीस लाख दगड वगैरे, आणि लोक उंटाचा भाव करून राहिले होते. पण जो आकडा ऐकून मी जागच्या जागी थांबलो असतो तो त्यानं सांगितलाच नाही. एवढ्या पसाऱ्याच्या चारही बाजूंच्या लेव्हलमध्ये फरक दोन-सव्वादोन सेंटीमीटरचा आहे. हाताशी डम्पी लेव्हल (लेव्हल मोजायचं यंत्र) नाही, लोखंडी अवजार नाही. आमच्याकडे तालुक्याच्या विश्रामगृहाचं प्लिंथ, म्हणजे जोतं, एवढं लेव्हलमध्ये आलं असतं तर अधीक्षक अभियंत्यांनी चहा पाजला असता.

दुसरं म्हणजे, जवळून पाहिल्यावर दगड खडबडीत दिसतात, सांध्यात गच भरलेला मसाला दिसतो. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "फिनिशिंग काही खास नाही." अहो, फिनिशिंग होतं. वरून तुरा गावच्या पांढऱ्या चुनखडीचं घासून गुळगुळीत केलेलं आवरण होतं. ते पुढच्या लोकांनी काढून कैरोच्या बांधकामांना लावलं. आपण पाहतो ते प्लास्टर उतरवलेलं घर.

पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं आहे आणि टूरच्या पैशात नाही. हे नागपुरात विचारून घ्या, कारण तिथे "आत काही नाही काका, फक्त घाम येतो" असं सांगून तुम्हाला परतवतील. आम्ही चौघं गेलो. चढत्या बोगद्याची उंची चार फुटांच्या आसपास, त्यामुळे कमरेत वाकून चढायचं. माझी बायको गुडघ्याचा पट्टा बांधून चढली आणि माझ्या आधी पोचली. मग एकदम ग्रँड गॅलरी. साडेआठ मीटरच्या वर उंची, दोन्ही भिंतींचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत घेतलेला, वर जाऊन जवळजवळ मिटलेला. वरच्या राजकक्षाचा ग्रॅनाइट आस्वानहून, नाईल नदीतून शेकडो किलोमीटर आणलेला. तिथली दगडी शवपेटी खालच्या बोगद्यापेक्षा रुंद आहे. म्हणजे खोली बांधतानाच आत ठेवून मग वर छत घातलं. आमच्या एका कार्यालयात जनरेटर आणला तेव्हा दार अरुंद निघालं आणि भिंत फोडावी लागली होती. ते आठवून मी त्या खोलीत एकटाच हसलो.

बाहेर आल्यावर आमच्यातल्या एका तरुणानं परग्रहावरच्या लोकांचा विषय काढला. गाइडनं मान डोलावली. टिप मिळायची असते त्याला. मला मात्र राग आला. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथं पपायरस सापडले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसं हाताखाली, तुराच्या खाणीतून दगड होडीत भरायचा, गिझाला पोचवायचा, परत यायचं. कोणत्या दिवशी कुठं मुक्काम, सगळं लिहिलेलं. खुफूच्या राज्याच्या अखेरच्या काळातलं. लिहिलेले पपायरस म्हणून जगात याहून जुने सापडलेले नाहीत. आणि ते काय निघालं, तर साइट डायरी! पपायरसच्या दुकानात आम्ही पन्नास मिनिटं बसलो, तिथे मेरेरचं नाव कोणी काढलं नाही. मांजर-देवाचा एक पुतळा मात्र बायकोच्या गळ्यात मारला.

यापुढची नोंद वहीत लाल पेनानं आहे. तिसरा दिवस: "इजिप्शियन म्युझियम, तुतनखामेनचा सुवर्ण मुखवटा." आम्हाला नेलं कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयात. इमारत सुंदर, वस्तू अफाट. पण मुखवटा तिथे नव्हताच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गिझाजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम रीतसर उघडलं, आणि तुतनखामेन राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू पहिल्यांदा एकत्र तिथे मांडल्या. आमच्या कंपनीचं माहितीपत्रक जुनंच छापलेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांत आलेली बातमी टूर विकणाऱ्याला माहीत नसावी? मॅनेजर म्हणाला, "काका, नवीन म्युझियम पुढच्या सीझनपासून टाकून राहिलो." ठीक आहे, पण मग माझ्या सीझनच्या कागदावर मुखवटा कशाला लिहिला?

रात्री हॉटेलवर आमच्याबरोबरच्या एका मुलीनं मोबाईलवर दुसऱ्या संध्याकाळची तिकिटं काढून दिली आणि आम्ही सहा जण टॅक्सी करून गेलो. भल्ली गर्दी. दारातच रामसेस दुसरा या राजाचा अकरा मीटरचा पुतळा उभा, ८३ टन. मुखवट्यासमोर लोक मोबाईल वर धरून उभे होते. त्यातून जागा मिळाली तेव्हा बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कपाळावरचा साप पाहा, जिवंत आहे." हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाला १९२२ मध्ये हे थडगं सापडलं, एवढंच मला शाळेपासून ठाऊक होतं. आमचा तिथला वेळ ३ तास ५ मिनिटं, टॅक्सी-तिकीट सगळं पदरचं. टूरमधला सगळ्यात चांगला वेळ टूरच्या बाहेरचा होता.

जेवणाबद्दल थोडक्यात. "रोज भारतीय जेवण" हे वचन त्यांनी पाळलं आणि त्याची किंमत वेळेनं वसूल केली. दुपारच्या पनीर-दालसाठी बस शहर ओलांडून जायची. आम्ही जवसाची चटणी आणि ठेचा घेऊन गेलो होतो, त्यामुळे दाल गोड लागली तरी निभावलं. एकदा मी गटातून निसटून कोशरी खाल्ली. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचं आंबट-तिखट पाणी. नागपूरच्या माणसाला कळेल असं सांगतो: तर्रीपोह्यांच्या गाडीसमोर जसे आपण उभ्या-उभ्या खातो, तसं तिथलं हे खाणं. दहा मिनिटांत पोट भरलं.

अबू सिंबल या टूरमध्ये नाही. आस्वानच्या मोठ्या धरणात बुडेल म्हणून ते अख्खं देऊळ १९६४ ते १९६८ मध्ये कापून, तुकडे करून, ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडलं. पैसा आणि पाय शिल्लक असतील तर मी फक्त त्यासाठी परत जाईन.

जॉर्डन. पेट्रा कागदावर "पूर्ण दिवस". मुक्काम अम्मानला, तिथून तीन तासांवर पेट्रा, पोचलो ११ वाजून २० मिनिटांनी, आणि फर्मान निघालं की तीनला फाटकाशी. दाराशी घोडेवाले "तिकिटातच आहे" म्हणून बसवतात; ते खरं आहे, पण उतरताना बक्षिशीवरून वाद होतो. चाला. पुढे सिक, म्हणजे सव्वा किलोमीटरची उंच कड्यांमधली चिंचोळी वाट. सगळे वर मान करून चालत होते. मी खाली आणि बाजूला पाहत होतो, कारण भिंतीच्या कडेनं, पेट्रा शहर वसवणाऱ्या नबाती लोकांनी कोरलेला पाण्याचा चर दिसतो, दुसऱ्या बाजूला मातीच्या पाइपांची लाइन होती. पुराचं पाणी या वाटेत शिरू नये म्हणून तोंडाशी बंधारा आणि वळवायला बोगदा. वाळवंटात शहर वसवलं ते या पाण्याच्या जोरावर. गाइड सिकमध्ये दगडातला हत्ती दाखवत होता.

मग फट संपते आणि कड्यात कोरलेली 'खजिना' नावाची इमारत समोर येते, अल-खझ्ने. चाळीसेक मीटर उंच, गुलाबी. मी हातातली बाटली खाली ठेवली आणि उभा राहिलो. दोन्ही कडांना वरपर्यंत खोबणी आहेत, कोरणारे वरून खाली आले. माझ्या तोंडून निघालं, "आधी कळस, मग पाया." बायको म्हणाली, "वेरूळचं कैलास तसंच नं?" तसंच. आणि कैलास तर नुसती दर्शनी भिंत नाही, सगळ्या बाजूंनी सुटं केलेलं अख्खं देऊळ आहे. खजिन्याच्या आत साध्या, रिकाम्या खोल्या आहेत. हे नागपूरकर असल्याचा अभिमान म्हणून बोलत नाही, काम पाहून बोलतो.

वर मठ आहे, अद-दैर, आठशेवर पायऱ्या. मॅनेजरला म्हटलं, मी जाऊन येतो. "काका, साडेतीनला जेवण बुक आहे, बत्तीस लोक थांबतील." तरी निघालो. एक वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत तीनशे दहा पायऱ्या मोजल्या आणि हिशेब केला: वर जाऊन तीनपर्यंत फाटक गाठणं शक्य नाही. फिरलो. दहा मिनिटं आधीच फाटकाशी हजर. त्यानंतर बुफेवर आम्ही एक तास दहा मिनिटं बसलो, पनीर होतं. तेवढ्यात मी मठ पाहून आलो असतो. हे लिहिताना अजून हात आवळतो.

मृत समुद्र मस्त. समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरहून खाली. आपलं नागपूर त्याच सपाटीच्या तीनशे मीटर वर, म्हणजे मी घरापासून सातशे मीटर खाली तरंगत होतो. ज्या बाईनं अंबाझरी तलावात कधी पाय घातला नाही ती पाण्यावर आडवी पडून वर्तमानपत्र धरून फोटो काढून आली. डोळ्यात थेंब जाऊ देऊ नका.

तर बिल. प्रवास, मुक्काम, व्हिसा, माणसं: पूर्ण. प्रेक्षणीय स्थळं: निम्मं. मुखवटा: काम झालेलंच नाही, कपात. एकूण पासष्ट टक्के पास करतो. पहिल्यांदाच परदेशी जाणारे, इंग्रजीची भीती वाटणारे, वयस्कर आईबापांना पाठवू पाहणारे यांनी ही टूर घ्यावी. पण पैसे भरण्याआधी कार्यक्रमातल्या प्रत्येक ठिकाणापुढे तास लिहून मागा, शिक्क्यासकट. दुकानं किती, तेही. "भेट" आणि "फोटो स्टॉप" यांतला फरक त्यांना विचारा आणि पेट्राला मुक्काम तिथल्याच वादी मूसा गावात आहे का अम्मानला, ते पाहा. सगळा फरक तिथेच पडतो.

परत आल्यावर बायकोनं विचारलं, आपण वेरूळला शेवटचे कधी गेलो? १९९४, मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर, दोन तास. आता समृद्धी महामार्गानं गाडी काढायची, दोन पूर्ण दिवस वेरूळ आणि एक अजिंठा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी, म्हणून बुधवारी पहाटे निघतोय. वही घेतली आहे.