घरच्या बागेसाठी ठिबकचं किट : १६ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, किट वाईट नाही. पण मी ते फेब्रुवारी २०२४ ला घेतलं तेव्हा आमची बाग १३ वर्षांची होती, अन् किट बनवणाऱ्यानं बाग म्हणजे गॅलरीत रांगेनं मांडलेल्या ३० कुंड्या असं धरलेलं दिसतंय. सगळी भानगड तिथंच. कंपनीचं नाव लिहीत नाही, या भावात सगळ्यांचा माल उन्नीस-बीसच असतो.

लातूरला घर बांधलं २०११ ला. आवार म्हणजे मुरूम, विटांचे तुकडे अन् सिमेंटचे गोळे. त्यावर दोन ट्रॉल्या काळी माती टाकली अन् नर्सरीत जे दिसलं ते आणलं, चिकू, पेरू, नारळ, बारा गुलाब, हिला पाहिजे म्हणून मोगरा. चार फुटांवर एक झाड, कारण रोप तेव्हा गुडघ्याएवढं होतं ना. मग आलं २०१६. मांजरा धरण कोरडं, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, आम्ही घागरी घेऊन पाहिलं. भाजी धुतलेलं पाणी कुणाला घालायचं यावर घरात भांडणं व्हायची. नारळ गेला, चिकू गेला, गुलाब एक राहिला. सीताफळ अन् शेवगा मात्र काही न मागता उभे राहिले अन् मधे एक कडुनिंब आपोआप उगवला, पाखरानं टाकलेल्या लिंबोळीचा, तो काढू काढू म्हणत राहिला अन् आता अर्ध्या आवारावर त्याचीच सावली आहे. म्हणजे आजची बाग ही माझ्या नकाशातली नाहीच, पाण्यानं अन् कडुनिंबानं ठरवलेली आहे.

तर किट. १८०० रुपयात १६ एमएमची नळी, बारकी मायक्रोट्यूब, ३० ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) ताशी २ लिटरचे, एक जाळीचा फिल्टर, नळीला भोक पाडायचा पंच, नळीचं टोक बंद करायची एंड कॅप. बसवायला एक रविवार गेला. नळी आधी तासभर उन्हात टाका, मऊ पडते, नाहीतर पंच मारताना अंगठा फुटतो (माझा फुटला).

पहिला धडा प्रेशरचा. ३३ फूट उंचीवर टाकी असेल तर १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर मिळतं, आमची स्लॅबवर १२ फुटांवर, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. अर्ध्या लिटरची बाटली लावून बसलो घड्याळ घेऊन, टाकीजवळचा ड्रिपर २५ मिनिटांत भरतो, शेवटचा ४० मिनिटांत. डब्यावर लिहिलेले २ लिटर विसरा. दुकानदार मग महागडे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (प्रेशर कमीजास्त असलं तरी सारखं पाणी सोडणारे) घ्या म्हणाला, घेऊ नका, असल्या कमी प्रेशरवर ते नीट चालतच नाहीत.

दुसरं, बोअरचं पाणी. चार महिन्यात ड्रिपरच्या तोंडाला पांढरा थर, चहाच्या भांड्याला बसतो तसाच. नशीब माझे ड्रिपर उघडता येणारे होते, रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकायचे अन् सकाळी टाचणीनं साफ करायचे. इनलाईनवाली, म्हणजे ड्रिपर आतच बसवलेली नळी घेतली असती तर थेट भंगारात. आठवड्याला एंड कॅप काढून नळीतून पाणी सोडा, जो गाळ निघतो तो पाहूनच समजतं. अन् खारी! उन्हाळ्यात नळी तीन ठिकाणी कुरतडली. हिनं कडुनिंबाखाली परळात पाणी ठेवायला सुरू केलं तेव्हापासून त्रास पुष्कळ कमी झाला, मी उगीच नळीला मिरचीपूड लावत बसलो होतो.

आता खरी चूक, माझीच. लिंबाच्या म्हणजे कागदी लिंबूच्या झाडाला दोन ड्रिपर दिले अन् ते खोडाला चिकटवून ठेवले, रोपाला ठेवतात तसे. झाड आठ वर्षांचं, त्याची पाणी पिणारी मुळं बुडाशी थोडीच असतात, ती घेराच्या कडेला गेलेली. पावसाळा झाला अन् एक दिवस ही म्हणते, "अहो, लिंबूच्या खोडातून डिंक यायलाय की." जाऊन पाहिलं तर बुडाची साल ओली, बोटानं दाबली की मऊ लागते अन् मधासारखा थेंब ओघळून वाळलेला. डिंक्या. खोड सतत ओलं राहिलं की ही बुरशी लागते. सडलेली साल चाकूनं खरवडली, १०० ग्रॅम मोरचूद अन् १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एक लिटर पाण्यात बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीवरचा लेप केला (प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नाही), तो लावला अन् ड्रिपर अडीच फूट बाहेर नेले, दोनाचे चार केले. झाड वाचलं, एक फांदी गेली. यंदा लिंबं कमी पण आहेत.

गुलाबाची लाईन मी जुन्या सवयीनं कडुनिंबाखाली टाकली होती, तिथं आता ऊनच पोचत नाही, ती उचलून मोगऱ्याला दिली. सीताफळाचे ड्रिपर तर बंदच केले.

पाणी मात्र वाचलं. आधी पाईपनं अर्धी टाकी जायची, म्हणजे २५० लिटर, आता दोन तास सोडलं तरी ६० लिटरच्या आत. ३ स्टार. पुन्हा घ्यायचं झालं तर किट नाही घेणार, शेतीच्या दुकानातून सुटे पार्ट घेईन, नळी लागेल त्यापेक्षा दहा फूट जास्त, कारण पुढच्या वर्षी लिंबूचे ड्रिपर अजून बाहेर सरकवायचेत.