रिमोट स्टार्टरचं किट, दुसरी चावी आणि पहिला गिअर

कोकणात घाटीवर, म्हणजे चढउतारावर, गाडी लावायची तर हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा आणि चाकाखाली जांभ्याचा तुकडा सरकवायचा. नुसत्या हँडब्रेकवर कोणी विसंबत नाही. खाऱ्या हवेत त्याची केबल गंजते, कधी अडकते, कधी ओढूनही धरत नाही. ‘कुठल्याही गाडीला चालेल, अर्ध्या तासात घरच्या घरी बसवा’ म्हणून ऑनलाइन खपणारं, लांबून बटण दाबून इंजिन चालू करणारं रिमोट स्टार्टरचं किट ही सवय गृहीतच धरत नाही. रत्नागिरीजवळ एका घरी पडवीतून बटण दाबलं तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. स्टार्टरने तिला हातभर पुढे ढकललं, तेवढ्यात इंजिन चालू झालं आणि बंपर गडग्यावर, दगडी कुंपणावर, आदळला. खळ्यात तेव्हा कोणी नव्हतं, हे नशीब.

गडग्यापर्यंत जाण्याआधी पैसे तीनदा गेले होते, आणि ते जायची पद्धत ठरलेली असते.

आधी किटचे ३,४९९ रुपये. जोडणी केली की स्टार्टर फिरतो, इंजिन जेमतेम सेकंद-दोन सेकंद चालतं आणि बंद पडतं. वायरिंग चुकलं असं वाटून माणूस दोन दिवस डॅशबोर्डखाली डोकं घालून बसतो. खरं कारण इमोबिलायझर, म्हणजे गाडीतलं चोरीविरोधी कुलूप. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिप असते, इग्निशनच्या कुलपाभोवती अँटेनाची रिंग असते. चिप ओळखीची नसेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन चालूच ठेवत नाही. विकणाऱ्याला हे पहिल्यापासून ठाऊक असतं, जाहिरातीत मात्र अक्षर नसतं.

मग ‘बायपास मॉड्यूल’, १,८०० रुपये, आगाऊ, यूपीआयने. घरी येते ती काळी डबी, आत एक रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि तांब्याच्या तारेचे चार वेढे. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं: तुमची दुसरी चावी यात ठेवा. ही युक्ती खोटी नाही, जाणकार फिटरही ती वापरतात. पण ती गाडीच्या मालकाला विकत घेण्याआधी सांगायला हवी. चावी डॅशबोर्डखाली कायमची राहिली की चोराला काच फोडण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी गाडीतच होती, हे उत्तर क्लेम अडवायला पुरेसं आहे.

शेवटी ‘आमचा टेक्निशियन रत्नागिरीत आहे, १,५०० पाठवा’. पाठवल्यावर नंबर बंद. मधल्या काळात ‘उद्या व्हिडिओ कॉलवर बघू’ असं करत सात दिवस काढलेले असतात, म्हणजे माल परत करायची मुदतही संपलेली.

आता किटबद्दल. वायर बाहेरून जाड दिसते, पण जाडी सगळी प्लॅस्टिकची. एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. लायटर धरला तर तांब्याची तार लाल होते, ॲल्युमिनियमची वितळून तुटते. समुद्रकाठी हा फरक फार महाग पडतो. दोन वेगळे धातू आणि खारट ओलावा एकत्र आले की सांधा आतून खात जातो, आणि पावसाळ्यात कधीतरी गाडी ‘उगाच’ बंद पडू लागते. लाल वायरवर ३० अँपिअरचा फ्यूज होता. फ्यूज वायर वाचवायला असतो. वायर त्याहून नाजूक असेल तर आधी ती जळते आणि फ्यूज शाबूत राहतो.

पण खरी खोट किटमध्ये जे नव्हतं त्यात आहे. मॅन्युअल गाडीसाठी बनवलेल्या प्रामाणिक युनिटला हँडब्रेकची, दरवाजाच्या स्विचची, ब्रेक पेडलची, बॉनेटच्या स्विचची आणि इंजिन चालू आहे की नाही हे कळण्याची वायर असते. त्याची रीत अशी: इंजिन चालू असतानाच न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची, उतरून दरवाजे लॉक करायचे, मग युनिट स्वतः इंजिन बंद करतं. त्यानंतर एकही दरवाजा उघडला तर पुढचा रिमोट स्टार्ट रद्द, कारण कोणी आत बसून गिअर टाकलेला असू शकतो. या किटला चार जाड वायरी आणि एक ब्रेकची, एवढंच. आणि पत्रकात एक ओळ: क्लच स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडा. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू देत नाही तो हा स्विच. गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू नये म्हणून जे एकमेव कुलूप होतं, ते ही ओळ काढून टाकते.

बरं, सगळ्या वायरी असलेलं महागडं युनिट आणलं तरी? त्याला गाडी न्यूट्रलमध्ये, केवळ हँडब्रेकवर सोडलेली लागते. हँडब्रेकचा स्विच फक्त लिव्हर वर आहे एवढंच सांगतो, मागची चाकं धरली आहेत का हे नाही. म्हणून उतारावर उभ्या राहणाऱ्या मॅन्युअल गाडीला रिमोट स्टार्टर बसवूच नये, मग विकणारा काहीही सांगो.

ऑटोमॅटिकला बसवायचाच असेल तर विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला रंगांचा तक्ता बाजूला ठेवा. वायरींचे रंग मॉडेलगणिक बदलतात. मल्टिमीटरने इग्निशनच्या मागच्या वायरी ओळखा. चावी काढूनही १२ व्होल्ट दाखवते ती बॅटरीची. पहिल्या खटक्यावर येते आणि स्टार्टर फिरताना शून्य होते ती ॲक्सेसरी. ‘ऑन’ला येते आणि स्टार्टर फिरतानाही टिकते ती इग्निशन. फक्त स्टार्टर फिरताना येते ती स्टार्टची. ॲक्सेसरी आणि इग्निशनची अदलाबदल ही नेहमीची चूक. मग स्टार्टर फिरतो पण इंजिन धरत नाही. पिवळ्या कव्हरच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना मीटरही लावू नका, टेस्ट लॅम्प तर नाहीच. जोडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. चिमटा मारून बसणारे टॅप आपल्या हवेत टिकत नाहीत; सोल्डर करून आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ, आणि युनिट डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला. पायाखालच्या कार्पेटमागे ठेवलं तर पहिल्याच पावसात भिजेल.

बसवून झाल्यावर झिरपणारा करंट मोजा. मीटर १० अँपिअरवर, निगेटिव्ह केबल आणि टर्मिनलच्या मध्ये, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नका. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. १०० असेल तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले आठवड्यात जवळपास १७. गणपतीनंतर गाडी गावी ठेवून मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांनी हा हिशेब आधीच करावा.

रस्त्यावर उभी गाडी लांबून चालू करणं कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी चालकाच्या सीटवर परवानाधारक नसेल तर इंजिन बंद हवं. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नसतो.

पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू नका, आणि जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट विक्रेत्याशी भांडण्याआधी घ्या; भांडण झालं की पान गायब होतं. वस्तूच सदोष असल्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर, पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही. आणि किट काढताना ती काळी डबी फेकू नका, दुसरी चावी तिच्यातच आहे.